पोटखराब्यातला इतिहास

महसूल खात्याच्या दप्तरात ‘पोटखराबा’ असा एक शब्द आहे. लागवडीला निरुपयोगी, सबब आकारणीतून वगळलेली जमीन, हा त्याचा अर्थ. शब्द साधा आहे, कारकुनी आहे. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाचे मैलोगणती पसरलेले सडे या एका शब्दाने निकालात निघालेले आहेत. जिथे धारा नाही तिथे मोल नाही आणि जिथे मोल नाही तिथे जपण्याजोगे काही असण्याचा संभव नाही, अशी ही दप्तरी तर्कपद्धती. तिचे पितळ गेल्या काही वर्षांत उघडे पडले, ते शासनाच्या कोणत्या खात्यामुळे नव्हे, तर पदरमोड करून सडे तुडवणाऱ्या मूठभर माणसांमुळे.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले, गुराख्यांना आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत गेले आणि कातळावर कोरलेल्या हजाराहून अधिक आकृतींची नोंद त्यांनी केली. कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात अनेक जलचर-भूचर प्राण्यांच्या आकृती आहेत. बारसूला दोन वाघसदृश श्वापदांच्या मध्ये उभा असलेला माणूस आहे. देवाचे गोठणे येथे मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते. म्हणजे तिथला खडक हाही अभ्यासाचा विषय आहे, केवळ त्यावरची रेघ नव्हे. काही ठिकाणी गेंड्यासारखे प्राणी कोरलेले आहेत, जे आज कोकणात औषधालाही सापडत नाहीत. काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु यांतील जुन्यांत जुनी चित्रे मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीच्याही आधीच्या माणसापर्यंत मागे जातात, असे मत बळकट आहे. गावकऱ्यांना ही चित्रे नवी नव्हतीच. ‘पांडवांनी काढलेली’ म्हणून ती ओळखीची होती. अज्ञान होते ते सरकारदरबारी.

आता २०२२ सालचे दोन सरकारी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. जानेवारीत महाराष्ट्राच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी बारसू परिसरातील सुमारे १३,००० एकर जमीन सुचवली. जमिनीचा बहुतांश भाग ओसाड आहे, हीच त्या जागेची शिफारस. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांची नऊ स्थळे दाखल केली: रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसामळ. सातांपैकी एक बारसू. म्हणजे जो सडा मुंबईला ओसाड वाटला, तोच दोन महिन्यांनी पॅरिसला मानवजातीचा ठेवा म्हणून कळवण्यात आला. यात कोणी खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला विचारले नव्हते, इतकेच. आणि विचारले असते तरी उत्तर देण्यासाठी त्या हातात यादी नव्हती.

हा कोण्या एका पक्षाचा दोष नाही. २०१७ साली नाणारची जागा ठरली ती एका मुख्यमंत्र्यांच्या काळात. लोकांच्या विरोधामुळे २०१९ मध्ये ती अधिसूचना मागे घ्यावी लागली. बारसू सुचवले ते दुसऱ्यांनी. एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी यंत्रे सड्यावर चढली, बायाबापड्या रस्त्यावर आडव्या झाल्या आणि अश्रुधुराची नळकांडी फुटली, ती तिसऱ्यांच्या काळात. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, नकाशा मात्र तोच राहिला. आणि त्या नकाशावर सडा कोराच होता.

हा नकाशा कोणी आणि कशासाठी काढला, हा प्रश्न इथे अपरिहार्य होतो. पाहणी ही निरागस गोष्ट नाही. जो मोजतो तो काय मोजायचे हे आधी ठरवतो. पुणे जिल्ह्यात १८२७-२८ च्या सुमारास प्रिंगलने पाहणी केली, ती जमिनीच्या निव्वळ उत्पन्नावर सारा बसवण्यासाठी. ती फसली आणि रयत देशोधडीला लागली. मग १८३५ नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. जमिनीची प्रत आण्यांत ठरली, बांध ठरले, नंबर पडले. आजचा सातबारा हा त्या मोजणीचाच वंशज. गुंठा न् गुंठा मोजणाऱ्या या थोर यंत्रणेला गावची देवराई, पांढरीचे टेकाड, कातळावरचे चित्र दिसले नाही, कारण त्यांवर सारा बसत नव्हता. त्याच इंदापूर तालुक्यात पळसदेवचे प्राचीन देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेले आणि धरण आटते त्या उन्हाळ्यात आजही डोके वर काढते. मोजणीचा श्रीगणेशा जिथे झाला तिथली ही कथा.

भूगर्भशास्त्राची गोष्टही वेगळी नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ मध्ये उभे राहिले ते रेल्वेसाठी आणि आगबोटींसाठी कोळसा शोधण्याच्या निकडीतून. पुरातत्त्व सर्वेक्षण दहा वर्षांनी, १८६१ मध्ये आले. पहिल्याला खनिज हवे होते, दुसऱ्याला स्तूप आणि शिलालेख. गंमत अशी की, या देशात पुराश्मयुगाचा पहिला शास्त्रीय पुरावा १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे सापडला तो रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला, पुरातत्त्वज्ञाला नव्हे. दगड आणि माणूस यांची फारकत निसर्गात नाही. ती खात्यांच्या फायलींत आहे. कोकणातील कातळशिल्प हे पुरातत्त्वाचे की भूशास्त्राचे, असा प्रश्न विचारणाऱ्याला सडा कळलेला नाही. जांभा फुटला की चित्र गेले आणि चित्र वाचवायचे तर जांभ्याची खाण थांबवावी लागते.

या फारकतीचे परिणाम कायद्यात स्पष्ट दिसतात. पुरातन वास्तूंसाठी निदान १९५८ चा केंद्रीय कायदा आहे, महाराष्ट्राचा १९६० चा अधिनियम आहे. त्यांची अंमलबजावणी कशी होते, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात वाचायला मिळते. संयुक्त पाहणीत १,६५५ संरक्षित स्मारके प्रत्यक्ष जाऊन तपासली, तेव्हा ९२ सापडलीच नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये संस्कृती मंत्रालयाने संसदीय समितीपुढे ५० स्मारके नाहीशी झाल्याचे सांगितले. १४ शहरांच्या वाढीने गिळली, १२ जलाशयांत बुडाली आणि २४ चा ठावठिकाणा लागत नाही. एकूण ३,६९३ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी पहारेकरी होते अवघ्या २४८ ठिकाणी. मग मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके यादीतून वगळण्याचा निर्णय झाला. हरवलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवरून कमी करावे, तसा हा कारभार. तरीही, यादी होती म्हणून काय हरवले ते कळले. यादीच नसती तर हरवण्याचाही प्रश्न आला नसता, आणि कोकणातील सडे नेमके त्या अवस्थेत आहेत.

भूशास्त्रीय वारशाला तर एवढाही आधार नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षण काही स्थळांना ‘राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक’ म्हणून घोषित करते. त्या घोषणेमागे शिक्षा करू शकणारा स्वतंत्र कायदा नाही. लोणारचे सरोवर हे बेसाल्ट खडकात अशनीच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर. जगभरच्या शास्त्रज्ञांना त्याचे अप्रूप. ते भूवैज्ञानिक स्मारक आहे, त्याला अभयारण्याचा दर्जा आहे, नोव्हेंबर २०२० पासून ते रामसर स्थळ आहे आणि काठावरच्या गावातले दैत्यसूदनाचे मंदिर पुरातत्त्व खात्याकडे आहे. इतके पालक असूनही गावचे सांडपाणी सरोवरात उतरू नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला वर्षानुवर्षे खात्यांचे कान धरावे लागले. ज्या मुलाचे बाप अनेक, त्याला जेवू कोण घालणार? आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे याहून विदारक प्रकार झाला. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी सुमात्रातील टोबा ज्वालामुखीचा महास्फोट झाला, त्याची राख तिथल्या मातीत थराने साचलेली आहे आणि त्या थराच्या खाली-वर माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. मानवजातीच्या इतिहासातील एका मोठ्या वादाचा पुरावा त्या राखेत होता. ती खणून भांडी घासण्याच्या पावडरीसाठी विकली गेली. बाजाराला तिचा तेवढाच उपयोग कळला. खणणाऱ्या मजुराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला रोज मिळाला. दोष द्यायचा तर त्या राखेची किंमत सांगण्याचे काम ज्यांचे होते आणि ज्यांनी ते केले नाही, त्यांना द्यावा.

डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे आणि भूअवशेष यांच्या जतनाविषयीच्या विधेयकाचा मसुदा केंद्र सरकारने लोकांपुढे ठेवला. कायदा हवा, याबद्दल दुमत नाही. पण हा मसुदा आला खाण मंत्रालयाकडून, आणि स्थळांवरचा अधिकार त्यात सोपवला तो त्याच मंत्रालयाच्या हाताखालील भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. विद्यापीठे, राज्य सरकारे, स्थानिक संस्था, गावे यांना त्यात नावापुरतेही बरोबरीचे स्थान नव्हते. ज्या मंत्रालयाचे यश किती खनिज काढले यावर मोजले जाते, त्याच्याच हाती काय खणायचे नाही हे ठरवण्याची लेखणी द्यायची, ही कल्पना मांजराला शिंक्याची राखण सांगण्याइतकीच व्यवहारी आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोकणातला तरुण पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या चाळींत जाऊन पडतो. गिरण्या होत्या तोवर तिथे, त्या गेल्यावर मिळेल तिथे. घरे कुलूपबंद आहेत, मनीऑर्डरींवर गावे जगली. अशा माणसाला ‘दगडावरची चित्रे जप’ असे पोटभरल्या माणसांनी सांगावे काय? प्रश्न रास्त आहे. परंतु तो विचारणारे बहुधा तो तरुण नसतात. सड्यावर जमिनी आधीच घेऊन ठेवलेले दलाल आणि त्यांचे कैवारी असतात. शिवाय हा पेच खराही नाही.

त्यासाठी नागार्जुनकोंड्याचा दाखला पुरेसा आहे. कृष्णेवर नागार्जुनसागर बांधायचे ठरले तेव्हा देश आजच्यापेक्षा कितीतरी गरीब होता, अन्नधान्य परदेशातून येत होते आणि धरणांची निकड वादातीत होती. बुडणाऱ्या खोऱ्यात इक्ष्वाकूंची राजधानी होती, बौद्ध विहार होते आणि त्याखाली अश्मयुगापर्यंतचे थर होते. तेव्हाच्या शासनाने धरण सोडले नाही आणि खोरेही आंधळेपणाने बुडवले नाही. १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे तिथे उत्खनन झाले, महत्त्वाच्या वास्तू उचलून डोंगरावर पुन्हा उभारल्या, आणि पाणी चढल्यावर त्या डोंगराचे बेट झाले तेव्हा त्यावर १९६६ मध्ये संग्रहालय उघडले. सर्व काही वाचले नाही. पण काय बुडते आहे हे ठाऊक असताना, हिशेब मांडून, ते बुडवले गेले. दरिद्री देशाला जे परवडले ते आज महासत्तेची भाषा बोलणाऱ्या देशाला परवडत नाही, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात बसणारे नाही. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करण्याचा संकल्प सोडणाऱ्यांना सडा मोजण्यासाठी दोन हंगाम थांबणे जड का जावे?

कारण पाहणीचा क्रमच उलटा लावलेला आहे. आधी जागा ठरते, मग अधिसूचना निघते, मग प्रकल्पाचा मालक स्वतः नेमलेल्या सल्लागाराकडून पर्यावरणीय आघाताचा अहवाल करून घेतो. २००६ च्या अधिसूचनेपासून ही पद्धत रूढ आहे. सल्लागाराची फी मालक देतो. सल्लागार सड्यावर काय पाहील, हे सांगायला ज्योतिषी नको. त्याच्या अर्जात जवळपासच्या संरक्षित स्थळांची माहिती भरायची असते. स्थळ संरक्षित नसेल तर रकाना कोरा राहतो, आणि पाहणीच झालेली नसेल तर ते संरक्षित होणार कसे? कोरा रकाना हाच मग पुरावा ठरतो.

वारसा म्हणजे काय याविषयीची सरकारी आणि मध्यमवर्गीय समजूतही या दुर्लक्षाला हातभार लावते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आनंद रास्तच आहे. गडांना राजा आहे, तारीख आहे, पोवाडा आहे. मंत्र्याला तिथे जाऊन फेटा बांधता येतो. कातळावरच्या हत्तीला यांतले काहीच नाही. तो कोरणाऱ्याचे नाव, कूळ, भाषा कोणालाही ठाऊक नाही. दायमाबादचा ब्राँझचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा १९७४ मध्ये सापडले ते एका भिल्ल कष्टकऱ्याच्या हाताला, मुळे खणताना. इनामगावच्या पांढरीत १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याची घरे, कणग्या, पाट आणि मडक्यांतली दफने समोर आली. महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीचा आणि अवर्षणाचा इतका जुना ताळेबंद दुसरीकडे कुठे नाही. अशा शेकडो पांढरी गाडीवाटे शेतांत आणि घरांच्या भिंतींत गेल्या. श्रमणाऱ्यांचा इतिहास मातीतच असतो, आणि माती उचलायला परवाना पुरतो.

सौंदर्याच्या बाबतीतही हाच दुजाभाव. साताऱ्याच्या कास पठारालाही माथा जांभ्याचाच. तिथे पावसाळ्यात फुलांचे गालिचे होतात म्हणून २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या स्थळांबरोबर ते जागतिक वारशात गेले. रत्नागिरीच्या सड्यावरही पावसात रानफुले येतात, गुरांना गवत मिळते, मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांना पुरते. तो मात्र पोटखराबा. पर्यटनातून रोजगार मिळेल, असे सांगून सड्यांची तरफदारी करणारे हितचिंतकही आहेत. त्यांनी कासला शनिवार-रविवारी लागणारी मोटारींची रांग पाहावी. तिकिटाच्या गल्ल्यावर ज्या गोष्टीचे मोल ठरते, ती जास्त गल्ला देणाऱ्याला एक दिवस विकलीही जाते.

खरी अडचण निराळीच आहे आणि ती वारसाप्रेमींना फारशी दिसत नाही. सडा बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो. पुष्कळदा सामाईक, वीस-पंचवीस नावांचा. त्यावर चित्र असल्याचे जाहीर झाले की आपली जमीन गेली, चिरा काढता येणार नाही, कलम लावता येणार नाही, अशी धास्ती शेतकऱ्याला वाटते. ती निराधार नाही. केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला पूर्ण बंदी आणि पुढे २०० मीटर परवानगीची अट आली. गरिबाला पडवी वाढवायची तरी कागद दिल्लीच्या प्राधिकरणापर्यंत हलवायचे. अशा स्थितीत कातळावरचे चित्र लपवण्यात, प्रसंगी रातोरात सुरुंग लावण्यात त्याचे हित आहे, असे कायदाच त्याला शिकवतो. म्हणून नुसती बंदी हा उपाय नव्हे. चित्राखालची आणि भोवतालची जमीन राखण्याबद्दल त्या कुटुंबाला दरवर्षी शासनाने खंड दिला पाहिजे, आणि तो उपकार म्हणून नव्हे, सार्वजनिक मालमत्ता सांभाळण्याची मजुरी म्हणून.

उक्षी गावाने हे आपल्या परीने करून दाखवले आहे. तिथल्या हत्तीभोवती संरक्षक बांधकाम झाले ते गावाच्या पुढाकाराने. गावाला जे जमते ते जिल्ह्याला जमवायचे तर सुरुवात दप्तरापासूनच करावी लागेल. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना आहे. तिथे सावकाराचा बोजा चढतो, सोसायटीचे कर्ज चढते, कुळाचे नाव चढते. ग्रामसभेपुढे वाचून, हरकती ऐकून, कातळशिल्पाची, पांढरीची, विवराची किंवा खडकाच्या दुर्मीळ थराची नोंद त्याच रकान्यात करायला नवा कायदा येईपर्यंत थांबावे लागू नये. शासकीय परिपत्रकाने ती सुरू करता येईल, आणि एकदा झालेली नोंद भूसंपादन अधिकाऱ्याला न वाचता पुढे जाता येणार नाही. सर्वच चित्रे राखता येतील असे नाही. काही ठिकाणी मोजमाप, छायाचित्र आणि ठसा घेऊन जागा सोडावी लागेल. पण तो निर्णय उघड्यावर, गावापुढे आणि तज्ज्ञांपुढे व्हावा.

सड्यावरचे गवत दिवाळीनंतर वाळते आणि कातळ उघडा पडतो. तिथून मृगापर्यंत जेमतेम सहा-सात महिने पाहणीला मिळतात. राज्य पुरातत्त्व विभागाने येत्या हंगामापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तालुकावार पथके नेमावीत. त्यांत भूशास्त्र आणि इतिहास शिकवणारे स्थानिक प्राध्यापक असावेत, तलाठी असावा, आजवर सडे तुडवलेले कार्यकर्ते असावेत आणि वाट दाखवणारे गुराखी रोजावर असावेत. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून व्हावा. प्रकल्प आणणाऱ्याचा एक पैसाही त्यात नसावा. आणि या पथकाची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेपर्यंत कोणत्याही सड्यावर भूसंपादनाची अधिसूचना काढण्यात येऊ नये.